डोकी उघडणारे सर

आमचे सर माणसाच्या डोळ्यांत बघून कधी बोलले नाहीत. त्यांची नजर समोरच्याच्या कपाळाच्या वर, केस सुरू होतात तिथं जाऊन टेकायची आणि तिथंच राहायची. नवखा माणूस गडबडायचा. टोपी सारखी करायचा, पटका चाचपायचा. बाई असेल तर पदर आणखी पुढं ओढायची. सरांना त्याचं काही वाटत नसे. मनातल्या मनात त्या डोक्याचं माप घेऊन झालं की मग ते विचारत, "हं, काय म्हणत होता?" सांगलीच्या गणपती पेठेत त्यांच्याबरोबर भाजी आणायला जाणं म्हणजे आम्हाला शिक्षाच वाटे. वांगी निवडता निवडता ते भाजीवालीला म्हणायचे, "मावशी, लहानपणी कुठनं पडला हुता का वो?" आणि गंमत म्हणजे ती खरोखरच पडलेली असे. मग तिची सगळी कहाणी ऐकून होईपर्यंत आम्ही पिशव्या धरून उभे.

मी साताऱ्याची. वडील शाळामास्तर. डॉक्टरकीची परीक्षा पास झाले तेव्हा दुसरी मोठी लढाई ऐन भरात होती. घरच्यांची इच्छा अशी की पोरीनं आता बाळंतपणं करावीत आणि सुखानं राहावं. मी मात्र कुणाकडून तरी ऐकलं होतं की सांगलीत, विश्रामबागेच्या वाटेवर, एका धर्मादाय दवाखान्यात एक सर्जन माणसाची कवटी उघडून आतली गाठ काढतो आणि कवटी पुन्हा बसवून माणसाला चालत घरी पाठवतो. सगळेच चालत जात नव्हते हे नंतर कळलं. पण ऐकलं ते माझ्या डोक्यात बसलं. मी गेले, आणि सरांनी माझ्या कपाळाच्या वर बघत विचारलं, उभी किती वेळ राहू शकतेस? मी म्हटलं, तुम्ही राहाल तितका वेळ. त्यांनी ठेवून घेतलं. मुलगी म्हणून त्यांनी मला कसली सूट दिली नाही, कुठं अडवलंही नाही. त्या काळात या दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडून मिळणं अवघड होतं.

उभं राहण्याचं त्यांना भारी कौतुक. कवटी उघडायची म्हणजे सकाळी सुरुवात करून दुपार कलेपर्यंत पाय हलवायचे नाहीत. म्हणून रोज पहाटे दवाखान्यामागच्या पटांगणात आम्हा सगळ्यांकडून सूर्यनमस्कार. पोरांची कुरकुर चालायची. मी नऊवारीचा काचा मारून घालत असे, आणि शेजारच्या बंगल्यातल्या बाई खिडकी लावून घेत. सर स्वतः आमच्या पुढं उभे राहून घालत. घालता घालता मेंदूतल्या शिरांची नावं विचारत, आणि ज्याचं उत्तर चुकेल त्याला नमस्कार वाढवून मिळे. माझ्या अंगात आजही जी काही ताकद आहे ती त्या नसांच्या आणि शिरांच्या नावांची आहे, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत असे. त्यांना ते खोटं वाटायचं.

आणि नारळ. बरा झालेला पेशंट पहिल्यांदा नारळ आणून सरांच्या पायाशी ठेवायचा. सर तो उचलून आमच्यापैकी कुणाच्या तरी हातात द्यायचे. हातानं फिरवायचं गिरमिट आणि तारेची करवत घेऊन त्या नारळाला खिडकी पाडायची. आतलं पाणी सांडता कामा नये, आतल्या पांढऱ्या खोबऱ्याला ओरखडा उठता कामा नये, आणि शेवटी कापलेलं झाकण असं बसवायचं की सांध्यावरून बोट फिरवलं तर अडकता कामा नये. आम्ही किती नारळ वाया घालवले त्याला गणती नाही. दवाखान्याचा आचारी वैतागून गेला होता. सकाळी खोबऱ्याची चटणी, संध्याकाळी खोबऱ्याची चटणी. एकदा एका पोरानं घाईनं नारळ फटकन फोडलाच. सर रागावले नाहीत. ते म्हणाले, "फोडणारे आपल्याकडं पुष्कळ हायेत. उघडणारा पायजे." आमच्यात नंतर ते वाक्य कुठंही वापरलं जायचं, शेंगा सोलतानासुद्धा.

त्यांच्या बोलण्याचं एक होतं. सर मूळचे सातारा जिल्ह्यातले, कोरेगावकडच्या एका खेड्यातले. संस्थानाच्या मदतीवर विलायतेला गेले, तिथल्या एका थंड गावात मेंदूच्या सर्जनच्या हाताखाली वर्षानुवर्षं राबले, आणि परत आले ते बोली जशीच्या तशी घेऊन. पेशंटशी, आमच्याशी, विश्वस्तांशी, सगळ्यांशी तेच हाय-न्हाई. फक्त बिनसलं की सर शुद्ध बोलू लागत. "आपण हे उपकरण कोठे ठेवले आहे?" असं वाक्य कानावर आलं की आम्ही हातातलं काम टाकून आपापल्या चुका आठवू लागायचो. त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दवाखान्याच्या आवाराची रस्त्याकडची भिंत सरांनी काळी रंगवून घेतली होती. तोच त्यांचा फळा. वर्गासाठी खोली होती, पण सर म्हणत, जे शिकवणं टांगेवाल्याला कळत नाही ते मला स्वतःलाच कळलेलं नाही असं समजायचं. म्हणून रोज सकाळी ते भिंतीपुढं उभे राहत. दोन्ही हातांत खडू. डाव्या हातानं मेंदूचा डावा भाग, उजव्या हातानं उजवा, एकाच वेळी, मधे रेघ न मारता. आम्ही पुढं बसत असू. आमच्या मागं पेशंटांचे नातेवाईक, टांगेवाले, बाजाराला निघालेल्या बाया, आणि एक म्हातारा धनगर, जो जतकडून भाच्याला घेऊन आला होता आणि भाचा बरा होऊन गेला तरी सांगलीत आला की मेंढरं लांब सोडून तासभर बसून जायचा. तो शंका विचारायचा. सर त्याच्या शंकेला उत्तर द्यायचे, आणि आमच्या शंकेला म्हणायचे, पुस्तकात बघ.

टोपीवरून मात्र एकदा पेचप्रसंग झाला. विश्वस्तांपैकी एक बडे गृहस्थ डोकं दुखतं म्हणून आले. सर म्हणाले, टोपी काढा. गृहस्थ म्हणाले, मी चारचौघांत टोपी काढत नाही. सर म्हणाले, मग टोपीला औषध देतो. दोन महिने दवाखान्याला नवीन चादरी मिळाल्या नाहीत. आम्ही सरांना सुचवून बघितलं की जाऊन दोन शब्द गोड बोलावं. त्यांनी ऐकलं, मान डोलावली, आणि शस्त्रक्रियेच्या चादरी स्वतः उकळून वाळत घालायला सुरुवात केली. बड्या गृहस्थांची डोकेदुखी चष्म्यानं थांबली, तीही सरांनीच सांगितलेल्या चष्म्यानं.

मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळातून त्यांना बोलावणं आलं होतं. पगार चांगला, राहायला जागा. अट एवढीच की बाकीची सगळी सर्जरी करायची आणि डोक्याचं काम मधूनमधून. सर गेले, जागा बघितली आणि आलेल्या पावली परत निघाले. आम्ही विचारलं तर म्हणाले, मधूनमधून करायला ती काय करमणूक आहे का? आम्हाला आनंद झाला आणि लाजही वाटली, कारण आमच्यापैकी प्रत्येकानं ती नोकरी डोळे मिटून घेतली असती.

त्यांचे वडील पलटणीतले पेन्शनर हवालदार. पोराचं नक्की काय चाललंय हे त्यांना कधी पटलं नव्हतं. एकदा ते गावाहून सांगलीला आले आणि सकाळी भिंतीपुढं सगळ्यांत मागं, काठीवर हनुवटी टेकून बसले. सरांनी बघितलं, पण दाखवलं नाही. शिकवणं संपलं तसे हवालदार उठले आणि तिथं बसलेल्या सगळ्या मंडळींना उद्देशून म्हणाले, "आमी जल्मभर पलटणीत डोकी फोडली. ह्यो जोडतोय." एवढं बोलून ते चहाला गेले. सर भिंतीकडे तोंड करून कितीतरी वेळ पुसलेली भिंतच पुसत होते.

हे सगळं मी सांगते ते त्यांचा विक्षिप्तपणा कळावा म्हणून. पण माझ्या मनात सर म्हटलं की उभी राहते ती हौसाबाई.

हौसाबाई तासगावकडची. तिशीच्या आतबाहेरची, उभ्या बांध्याची, बोलण्यात कुणाला हार न जाणारी. नवरा शिवराम पलटणीत होता, लढाई संपल्यावर नुकताच घरी आलेला. तो नव्हता त्या वर्षांत शेत, सासू, दोन पोरं आणि बांध सरकवू बघणारा भाऊबंद, सगळं तिनं एकटीनं सांभाळलं. शिवराम परत आला आणि त्याच सुमारास तिला झटके यायला लागले. आधी तोंडाची उजवी बाजू फडफडायची, मग उजवा हात, आणि तेवढा वेळ तिची वाचा बंद व्हायची. गावात ज्याला जे सुचेल ते झालं. शेवटी पलटणीतल्या कुणीतरी शिवरामला आमचा पत्ता दिला.

सरांनी तिला तपासलं, डोक्याचे एक्स-रे फोटो काढले, आणि कवटीच्या डाव्या बाजूला आत गाठ आहे असं निदान केलं. गाठ बोलण्याच्या जागेला खेटून होती. शिवरामला आणि त्याच्या आईला त्यांनी भिंतीपाशी नेलं, चित्र काढून दाखवलं, आणि काही न लपवता सांगितलं: गाठ राहिली तर बाई जाईल. काढली तर बाई राहील, पण वाचा जाऊ शकते. शिवराम चित्राकडं बघत राहिला. तो काही बोलायच्या आत हौसाबाईच बोलली. आम्हाला वाटलं होतं ती खाटेवर आहे; ती मागं येऊन उभी होती.

"मेले तर मेले डाक्तर. पर मुकी करून घरी धाडू नगा. ह्या तोंडावर घर चाललंय माजं."

सर तिच्या कपाळाच्या वर बघत होते. त्यांनी वचन दिलं नाही. ते म्हणाले, "मी डोकं उघडंन तवा तुमी जाग्या ऱ्हावा. माज्यासंगं बोलत ऱ्हावा. तुमचं बोलणं जिथं अडखळंल तिथं माजा हात थांबंल." हौसाबाई म्हणाली, बोलायचंच हाय न्हवं, मग बोलते की.

हे आजच्या वाचकाला अघोरी वाटेल, पण त्यात अघोरी काही नाही. मेंदूला स्वतःला दुखत नाही. वरची कातडी औषध टोचून बधिर केली की माणूस जागा राहून गप्पा मारू शकतो. सरांनी असं याआधी केलं होतं, पण पुरुषांवर. दोन पलटणीतले, एक पैलवान, एक गवंडी. त्यांतले दोघं वाचले नव्हते, आणि विश्वस्तांमध्ये कुजबुज सुरू झाली होती की हे डोक्याचं प्रकरण आता पुरे करावं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी माझं काम चादरीखाली बसायचं. पेशंटच्या तोंडावर चादरीचा छोटा तंबू केलेला असे. वर सर आणि मदतनीस. खाली पेशंटचा चेहरा आणि मी. प्रश्न सर वरून विचारणार. मी फक्त एका शब्दात कळवायचं: "बोलल्या" किंवा "गप्प". मधे आपलं काही घालायचं नाही, असा नियम होता, आणि तो मोडलेला सरांना खपत नसे.

हौसाबाईचे केस काढले होते. त्याचं तिला सगळ्यांत वाईट वाटलं होतं; कवटीचं नाही. पुरुषांच्या पुढं डोक्यावर पदर नाही म्हणून ती सारखा उजवा हात वर न्यायची आणि मी तो धरून खाली ठेवायची. गिरमिट सुरू झालं तेव्हा तिनं डोळे मिटले. हाड निघालं, आतला पडदा उघडला, आणि वरून सरांचा आवाज आला, गाव कोणतं? तिथून जी ती सुरू झाली. गाव, पोरं, बैलांची नावं, कुठल्या वावरात काय. सरांचे प्रश्न संपले तरी तिचं चालूच. भाऊबंदानं बांध कसा सरकवला आणि तिनं तो कोळप्याच्या दांड्यानं कसा परत जागेवर आणला, हे तिनं मला सविस्तर सांगितलं. मग माझी चौकशी. लग्न का न्हाई झालं? बा काय करतो? कवटी उघडी ठेवून ती माझ्यासाठी स्थळ सुचवत होती आणि मी दर थोड्या वेळानं वर ओरडत होते, "बोलल्या."

दुपार झाली. गाठ बहुतेक निघाली होती. एक तुकडा राहिला होता, तोच अगदी बोलण्याच्या जागेला चिकटलेला. सरांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं की तो तुकडा राहिला तर गाठ पुन्हा वाढणार, आणि दुसऱ्या खेपेला काही करता येणार नाही. वरची हालचाल मंदावली. मग प्रश्न आला.

"हौसाबाई, नवऱ्याचं नाव काय?"

पुरुष पेशंटांना सर या जागी बापाचं नाव विचारत. बाईचं म्हणून त्यांनी नवऱ्याचं केलं. केसपेपरवर तसंच असतं. पण केसपेपरवर ते नाव बाईनं सांगितलेलं नसतं, बरोबरच्या कुणीतरी सांगितलेलं असतं. इतकी वर्षं सर परदेशात राहिले, आणि परत आले ते थेट कवट्यांमध्येच. ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही.

हौसाबाई गप्प झाली.

सरांनी पुन्हा विचारलं. ती गप्प. वरचा सगळा आवाज थांबला. मला दिसत नव्हतं, पण सरांनी हात वर उचलून घेतले असणार हे कळत होतं. त्यांचा आवाज आला, अगदी कोरडा. "गप्प?"

"गप्प," मी म्हटलं. आणि मग नियम मोडला. "पण लाजून गप्प आहेत, सर."

"हे आपण कशावरून म्हणता?"

आपण! पण माझ्यासमोर तिचा चेहरा होता. "ओठ दाबून धरलेत," मी म्हटलं. "दोन्ही बाजूंनी सारखे. उजवी बाजू ढिली नाही. आणि डोळे खाली घातलेत."

वर कुणी हललं नाही. एवढा मोठा सर्जन, खाली उघडा मेंदू, हातात चिमटा, समोर मदतनीस पोरं. असल्या वेळी माणूस काय करतो हे मी पुढं आयुष्यभर ठिकठिकाणी पाहिलं. बहुतेक वेळा तो खालच्या माणसावर ओरडतो. सर चादरीच्या वरून म्हणाले, "चुकलं माजं, हौसाबाई. उघडं नाव इचारायला नगं हुतं. उखाण्यात घ्या."

चादरीखाली हौसाबाईनं माझ्याकडं बघितलं. उजवा हात पुन्हा पदरासाठी उचलला, तिथं पदर नाही हे आठवून खाली ठेवला, आणि खणखणीत आवाजात नाव घेतलं:

"डोईवर न्हाई पदर, म्होरं माणसं चार,
शिवरामरावांचं नाव घेते, आता उरका कारभार."

वर कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत. "बोलल्या," असं मी सांगायच्या आधीच त्यांचं काम सुरू झालं होतं. तो शेवटचा तुकडा त्यांनी काढला. काढत असताना हौसाबाई बैलांच्या किमतीवर बोलत होती. हाड जागेवर बसलं, सांध्यावरून सरांनी बोट फिरवलं, आणि टाके घालायला सुरुवात केली.

संध्याकाळी ती बोलली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाटेपाशी गेले तर ती माझ्याकडं बघत होती आणि तोंडातून शब्द निघत नव्हता. ओठ हलायचे, आवाज नाही. उजवा हात जड. तिला आपण मुकी झालो आहोत हे कळत होतं, आणि ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं. ते बघणं फार कठीण होतं.

अशी सूज येते आणि उतरते हे सरांना माहीत होतं. उतरतेच असं नाही, हेही माहीत होतं. दवाखान्यात बातमी पसरली. गावात आणखी पसरली: बाई मुकी केली. विश्वस्तांनी निरोप पाठवला की निदान काही दिवस ती भिंतीवरची शिकवणी बंद ठेवावी, लोक काहीबाही बोलतात. सरांनी निरोप ऐकला आणि सकाळी नेहमीसारखे दोन खडू घेऊन भिंतीपुढं उभे राहिले. त्यांनी हौसाबाईचाच मेंदू काढला. गाठ कुठं होती, तुकडा कुठं होता, सूज आता कुठं आहे. मग मागं बसलेल्या सगळ्यांना, नातेवाइकांना, टांगेवाल्यांना, त्यांनी सांगितलं की बाईंची वाचा येईल असा माझा अंदाज आहे. नाही आली तर ती माझ्या हातानं गेलेली असेल, दुसऱ्या कुणाच्या नाही. हे सगळं ते अगदी शुद्ध मराठीत बोलले. भीती वाटली की ते असे शुद्ध बोलतात, हे मला तेव्हा समजलं. मी पुढं खूप मोठमोठ्या लोकांच्या हाताखाली काम केलं, परदेशात शिकून आले, सभांमधून व्याख्यानं ऐकली. त्या सकाळी मी त्या माणसाची विद्यार्थिनी आहे याचा जेवढा अभिमान वाटला तेवढा पुन्हा कशाचाच वाटला नाही.

शिवराम खाटेजवळ बसून असायचा, ताठ, हात मांडीवर. सरांनी त्याला सांगितलं की तिच्याशी बोला, ओळखीचा आवाज कानावर पडू दे. तो म्हणाला, काय बोलू? घरात तीच बोलती. सर म्हणाले, मग नुसती हाक मारा, नावानं. शिवराम गोरामोरा झाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यानं तिला नावानं हाक मारलेली नव्हती. "अगं" म्हणायचं किंवा पोराच्या नावानं हाक द्यायची. आणि समोर आई बसलेली.

"न्हाई जमायचं डाक्तर," तो म्हणाला. "आई हाय."

म्हातारी उठली. "मी भाईर बसते," ती म्हणाली. "घे तिचं नाव. मोठ्यानं घे."

पहिल्यांदा त्यानं नाव घेतलं ते शेजारच्या खाटेलाही ऐकू गेलं नसेल. सर म्हणाले, असं नव्हे. पलटणीत हजेरी घेता तसं. मग शिवराम उठून उभा राहिला आणि त्यानं हाक दिली, "हौसा!" सगळा वॉर्ड वळून बघू लागला. तो तसाच थांबला, मग पुन्हा. त्या दिवसापासून सकाळ-दुपार वॉर्डात हजेरी सुरू झाली. पहिले काही दिवस पोरं खुदखुदायची, नंतर सवय झाली. त्याचा आवाज बसत चालला होता. हौसाबाई डोळे मिटून पडून राहायची आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी यायचं. म्हातारी दाराबाहेर जमिनीवर बसून राही आणि आत येणाऱ्याच्या तोंडाकडं बघे.

एके सकाळी भेटीची वेळ होती. तासगावची चार माणसं भेटायला आली होती, त्यांत तो बांध सरकवणारा भाऊबंदही. सगळे खाटेभोवती उभे. शिवरामनं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा दाराकडं. तो आज गप्प बसेल असं मला वाटलं. त्यानं घसा साफ केला आणि त्या सगळ्यांच्या देखत हाक दिली, बसलेल्या आवाजात, पण होती तेवढी सगळी.

"हौसा!"

हौसाबाईनं डोळे उघडले. भोवती कोण कोण उभं आहे ते एकदा बघून घेतलं. तिचा उजवा हात पांघरुणातून बाहेर आला, हळूहळू वर गेला, पट्ट्या बांधलेल्या डोक्यावर तिनं लुगड्याचा पदर ओढला, आणि ती म्हणाली,

"आवं, हळू. लोकं बघत्यात."

शिवराम उभा होता तो खाटेच्या कडेवर बसला. भाऊबंद एक पाऊल मागं सरला. मी रडत होते आणि ते पुसायचं मला भान नव्हतं. म्हातारी कधी आत आली कळलं नाही. ती सुनेच्या पायांवर हात ठेवून उभी होती. सर दारात होते. ते आत आले, आणि त्या सकाळी पहिल्यांदा आणि माझ्या आठवणीत शेवटचं, त्यांनी एका माणसाच्या, शिवरामच्या, सरळ डोळ्यांत बघितलं. शिवराम पुन्हा काहीतरी बोलू बघत होता. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आता तुमी गप बसा," ते म्हणाले. "बाई बोलत्यात."

तिला एकेक शब्द जुळवून बोलावं लागत होतं, आणि एक शब्द जुळला की ती दुसऱ्याला हात घालत होती. पोरं कुठायत, गाय व्याली का, हे सगळे इथं का उभे आहेत. भिंतीपुढं वर्ग ताटकळला होता, ओपीडीत रांग लागली होती. सर स्टूल ओढून खाटेशी बसले आणि तिचं सगळं बोलणं संपेपर्यंत ऐकत राहिले. ते दुपारपर्यंत संपलं नाही.